मीठ येतं ते चाकातून

पुढच्या चाकाच्या वर, फेंडरच्या पोटात, काळ्या प्लास्टिकचं एक कमानदार अस्तर असतं. गॅरेजमध्ये त्याला लायनर म्हणतात, कुणी आतलं मडगार्ड म्हणतं. काही जुन्या गाड्यांत त्याच्या जागी पत्र्याची कमान आणि तिच्या कडेला रबराचे पडदे असतात, पण काम तेच. पिकअप आठ-दहा वर्षांची झाली की हे अस्तर क्लिपच्या भोकांपाशी फाटायला लागतं. आधी एक भोक लांबट होतं, मग क्लिप निसटते, मग ती बाजू लोंबकळते आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर तिला घासतो. घासलेला भाग चकचकीत आणि कागदासारखा पातळ होतो. मग कुणीतरी ते तारेने बांधतं. पुढच्या पावसाळ्यात तार तुटते, आणि हेडलाइटचा बल्ब बदलताना किंवा पंक्चर काढताना ते सगळंच उपटून गॅरेजच्या कोपऱ्यात जातं. गाडी त्यानंतरही नीट चालते. आवाज येत नाही, अॅव्हरेज कमी होत नाही, भाडं बुडत नाही. त्यामुळे ते परत बसवायची कुणाला घाई नसते. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत रस्त्याकडेला उभ्या असलेल्या जुन्या पिकअपच्या चाकावर वाकून पाहिलं, तर नागडा पत्रा सहज दिसतो. माझं म्हणणं असं की या दोन तालुक्यांत जुन्या गाडीवर खर्च करायचा तर पहिला खर्च या अस्तरावर करावा. रंग, पॉलिश, कोटिंग ही सगळी त्यानंतरची कामं.

हे म्हणणं पटायचं तर आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. इथे गाडी गंजते ती कशामुळे? 'खारं हवामान आहे, गंजणारच,' असं उत्तर आपण न विचार करता देतो, आणि खारं हवामान म्हणजे समुद्रावरून येणारा वारा असं गृहीत धरतो. वाऱ्यातल्या मिठाचा अभ्यास फार जुना आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर कुरे बीच इथे १९३० च्या दशकापासून पोलादाचे तुकडे उघड्यावर मांडून त्यांची झीज मोजली गेली. पाण्यापासून सुमारे २५ मीटरवर ठेवलेलं पोलाद सुमारे २५० मीटरवरच्या पोलादापेक्षा जवळजवळ दहा पट वेगाने गंजतं, असं तिथे दिसलं. लाटांच्या तुषारांतून उडालेलं मीठ जड असतं आणि किनाऱ्यापासून थोडं आत आलं की खाली बसतं. पेण आणि रोहा ही दोन्ही गावं उघड्या समुद्रापासून सरळ रेषेतही वीसएक किलोमीटर आत आहेत. मधे डोंगर आहेत, झाडी आहे. वाऱ्याने येणारं मीठ एवढंच कारण असतं, तर इथली पिकअप अलिबाग-मुरूडच्या बंदरावरच्या गाडीपेक्षा किती तरी जास्त टिकायला हवी होती.

गंज कुठे धरतो हे पाहिलं तर उत्तर मिळतं. जुन्या पिकअपचं टप बहुधा शाबूत असतं. दरवाजाचा वरचा भागही बरा असतो. सडलेली असते ती फेंडरची कड, फेंडरचा मागचा खालचा कोपरा, हेडलाइटच्या मागचा पत्रा, फुटबोर्डाची खालची बाजू. टपावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो म्हणून टप वाचतं, असं यावर कुणी म्हणेल. ते खरं आहे. पण मग बॉनेटच्या आतली बाजू पाहावी. तिथे पाऊस पोचत नाही आणि वारा मात्र जाळीतून आरपार येतो. वारा दोषी असता तर ती बाजू सर्वांत आधी गेली असती. प्रत्यक्षात गंजाची सीमा जवळपास तिथेच संपते जिथे टायरने उडवलेलं पाणी पोचायचं थांबतं. म्हणजे इथलं मीठ वरून येत नाही, ते रस्त्यावरून चाकात आणि चाकातून पत्र्यावर येतं.

रस्त्यावर ते कुठून येतं हे खारेपाटातल्या माणसाला सांगायला नको. धरमतरची खाडी आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठाने पेण तालुक्यातला मोठा भाग खारबंदिस्तीच्या आधाराने उभा आहे. वाशी, वढाव, दादर, रावे, जोहे अशा गावांकडे जाणारे रस्ते सखल शेतांतून आणि बांधांलगत जातात. मोठ्या उधाणाला पाणी बांधावरून येतं, कुठे खांड पडते, आणि खाडीचं पाणी शेतात आणि रस्त्यावर पसरतं. उन्हाळ्यात खाऱ्या जमिनीतला ओलावा वर येऊन उडून जातो आणि मीठ मागे राहतं. मे महिन्यात ही माती वरून पांढरट दिसते ती त्यामुळेच. खारजमिनीत भात लावणारा शेतकरी पहिल्या पावसाने हे मीठ धुऊन जायची वाट बघतो, मगच लावणी करतो. म्हणजे सगळ्यात खारट चिखल असतो जूनमधला, पहिल्या आठ-पंधरा दिवसांचा. रोह्याच्या बाजूला कुंडलिकेची खाडी आहे, आणि चणेऱ्यावरून रेवदंड्याच्या दिशेने जाणारा रस्ता खाडीकाठच्या गावांना धरून जातो. तिकडून येणाऱ्या मासळीच्या गाड्यांतून बर्फाचं खारट पाणी वाटभर गळत असतं आणि ते मागून येणाऱ्याच्या चाकाला लागतं. मासळी वाहणाऱ्या गाडीच्या स्वतःच्या मागच्या चाकांना तर ते वर्षभर लागतं.

हे खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा पत्र्याला जास्त का मारतं, याची दोन कारणं आहेत. मिठातला क्लोराइड लोखंडावरचा आणि जस्तावरचा संरक्षक थर फोडतो, आणि खारं पाणी वीज चांगली वाहून नेत असल्यामुळे गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया वेगाने चालते. हे शाळेतच शिकवलेलं असतं. दुसरं कारण कमी लोकांना माहीत आहे आणि कोकणासाठी तेच अधिक महत्त्वाचं आहे. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. खाण्याचं मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला पाणी धरून विरघळायला लागतं. पण समुद्राच्या पाण्यातल्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते जेमतेम ३३ टक्के आर्द्रतेलाही ओलं राहू शकतं. कोकणात हवा इतकी कोरडी क्वचितच होते. त्यामुळे फेंडरच्या कडेत अडकलेला खाऱ्या मातीचा थर वरून सुकलेला दिसला, तरी पत्र्याला चिकटलेल्या बाजूला ओलसर राहतो. फेंडरची कड आतल्या बाजूला दुमडलेली असते. त्या दुमडीत बोटभर माती साचते, तिच्याखाली प्राणवायू कमी पोचतो, आणि अशा झाकलेल्या, ओल्या, खाऱ्या जागी गंज सर्वांत वेगाने खोल जातो. फेंडरचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. बाहेरून रंगावर फोड दिसतो तेव्हा आतून पत्रा बहुतेक संपलेला असतो.

अस्तर नसलं की ही माती तिथे नुसती पडत नाही, ती मारली जाते. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली असेल, तर टायरचा पृष्ठभाग फेंडरच्या मानाने त्याच वेगाने फिरत असतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. त्या वेगाने सुटलेला वाळूचा कण आणि खडीचा चुरा रंगावर आपटतो. एका कणाने काही होत नाही. पण मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल ते इंदापूर हे ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर कित्येक पावसाळे वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड, कोलाड या पट्ट्यातल्या गाड्यांनी खड्ड्यांतून, कच्च्या वळणरस्त्यांवरून आणि सैल खडीवरून काढले. या रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्या पिकअपच्या फेंडरचा आतला रंग म्हणजे रोज थोडा थोडा घासला जाणारा रंग. खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबलं की टायर अस्तरालाच टेकतो. अस्तर फाटायचं हेही एक मोठं कारण आहे. आणि त्याच्या मागे फक्त पत्रा नसतो. हेडलाइटचा आणि इंडिकेटरचा कनेक्टर, हॉर्न, वायरिंगचा जुडगा, वायपरच्या पाण्याची बाटली, यांतलं काही ना काही मॉडेलप्रमाणे तिथे असतं. पावसात अचानक एक हेडलाइट मंद होणं, इंडिकेटर भरभर लुकलुकणं, हॉर्न घोगरा होणं या तक्रारी घेऊन माणूस वायरमनकडे जातो. वायरमन कनेक्टर उघडतो, हिरवट पडलेली पिन घासतो, ग्रीस लावतो. आठवड्याने तीच तक्रार परत येते, कारण पाणी मारणारं चाक आणि कनेक्टर यांच्यामध्ये अजूनही काहीच नसतं.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप अनुभवी मिस्त्रींचा आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. ते म्हणतात, लायनरच्या मागेच माती साचते. ते काढून टाकलं तर पत्रा उघडा राहतो, दिसतो, पाइप मारून धुता येतो. लायनर असलं की आत काय सडतंय ते कळतही नाही. यातलं निरीक्षण अगदी बरोबर आहे. फाटलेलं, एका बाजूने सुटलेलं अस्तर सर्वांत वाईट, कारण ते चिखल आत घेतं आणि बाहेर जाऊ देत नाही. अशा अस्तरापेक्षा नागडा पत्रा बरा, हे मलाही मान्य आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष अस्तर बदलण्याचा आहे, काढून टाकण्याचा नाही. अखंड आणि सगळ्या क्लिपांनी घट्ट बसलेल्या अस्तरामागे जी माती जाते ती वाऱ्याबरोबर आणि फटींतून जाणारी बारीक धूळ असते. ती साचायला कित्येक महिने लागतात, आणि वर्षातून एकदा अस्तर उतरवून ती काढता येते. उघड्या फेंडरवर तेवढी माती पावसाळ्याच्या एका फेरीत बसते. राहिला प्रश्न दिसण्याचा. फेंडरची दुमडलेली कड अस्तर नसतानाही दिसत नाही. ती बोटाने चाचपावी लागते, आणि पाइपचं पाणी त्या दुमडीतली माती बाहेर काढण्याऐवजी बऱ्याचदा आणखी आत दाबतं.

दुसरा आक्षेप धुण्याचाच. रोज संध्याकाळी गाडी धुतली तर अस्तराची गरज काय? तत्त्वतः बरोबर. पण धुवायचं कोणत्या पाण्याने? खारेपाटातल्या गावांना उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. हेटवणे धरण पेण तालुक्यातच असूनही ही गावं वर्षानुवर्षं पाण्यासाठी झगडत आली आहेत. जिथे हंडा भरायला गोडं पाणी नाही, तिथे चाक धुवायला ते कुठून येणार? तिथे गाडी धुतली जाते ती खाजणातल्या नाहीतर मचूळ विहिरीच्या पाण्याने, म्हणजे मिठाने मीठ धुतलं जातं. गोड्या पाण्याची ज्याला ददात नाही त्याने जरूर धुवावं. इतरांच्या बाबतीत, जे मीठ धुऊन काढता येत नाही ते पत्र्यावर पोचूच द्यायचं नाही, एवढाच उपाय उरतो.

तिसरा आक्षेप पैशाचा. कंपनीचं लायनर महाग पडतं, जुन्या मॉडेलचं मिळतच नाही, आणि कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरपार्टच्या बाजारात गेलं तर आपल्या गाडीइतकंच फाटलेलं हातात येतं. गाड्यांची अशी अस्तरं बहुतेक पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनची असतात. ही दोन्ही प्लास्टिकं रोहा तालुक्यातच, नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल संकुलात तयार होतात. हे संकुल आयपीसीएल या सरकारी कंपनीने उभारलं आणि २००२ पासून ते रिलायन्सकडे आहे. कच्चा माल उशाशी आणि त्याच मालाचा वाकवलेला तुकडा तालुक्याच्या गॅरेजमध्ये मिळत नाही, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या लहान उद्योजकाने चार-पाच खपाच्या जुन्या मॉडेलांचे साचे करून ही अस्तरं काढली, तर त्याला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागणार नाही असं मला वाटतं. तोवर पर्याय आहेत. बाजारात मिळणारी बिनकंपनीची अस्तरं आहेत. त्यांची भोकं थोडी इकडेतिकडे असतात, पण ड्रिलने जुळवून घेता येतात. पॉलिएथिलीनचा तीन मिलिमीटरचा पत्रा कापून, हॉट-एअर गनने वळवून चांगली कमान होते. कन्व्हेअर बेल्टचं जुनं रबरही चालतं, मात्र त्याच्या आतलं कापड कडेने उघडं राहिलं तर ते पाणी शोषून धरतं, म्हणून कापलेली कड सोल्युशनने बंद करावी. निळ्या ड्रमचं प्लास्टिक वापरायचं तर त्यात आधी काय भरलं होतं ते ठाऊक असलेलाच ड्रम घ्यावा. एक गोष्ट मात्र करू नये. साध्या लोखंडी पत्र्याची कमान रिव्हेट मारून बसवू नये. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत खारं पाणी शिरतं आणि एकाऐवजी दोन पत्रे गंजतात.

चौथा आक्षेप सर्वांत निराश करणारा. गाडी जुनी झाली, भंगारात जायचीच आहे, तिच्यावर कशाला खर्च? मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. एमएच ०६ पाटीची जुनी पिकअप म्हणजे दरवर्षी तपासणीला उभी राहणारी गाडी. तिथे दिवे लागावे लागतात, पत्र्याच्या धारदार कडा लोंबत असून चालत नाहीत. २०२१ मध्ये सरकारने गाड्या मोडीत काढण्याचं धोरण आणलं त्यालाही आता काही वर्षं झाली. गाडीचं वय जितकं वाढतं तितका तिच्या अवस्थेचा हिशोब कडक होतो, म्हणजे अस्तराची गरज वयाबरोबर वाढते, कमी होत नाही. आणि मीठ फेंडरवर थांबत नाही. अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. तिथल्या टोयोटा टाकोमा पिकअपच्या चासीच गंजून भोकं पडायला लागली, तेव्हा २००८ मध्ये कंपनीने १९९५ ते २००० या वर्षांतल्या गाड्यांच्या चासीची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि वाईट अवस्थेतल्या गाड्या मालकांकडून परत विकत घेतल्या. त्या गंजामागे चासीच्या संरक्षक लेपाचा प्रश्न होता, अस्तराचा नव्हे. पण रस्त्यावरचं मीठ चाकातून येऊन पिकअपचं काय करू शकतं हे त्यातून कळतं. आपल्याकडे अशी हमी कुणी देणार नाही. इथे पिकअपचा मालक बहुधा एकाच गाडीचा मालक असतो आणि तीच त्याची रोजीरोटी असते. पेण, हमरापूर, जोह्याच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती बाहेर पडतात त्या ऐन पावसाळ्यात. त्या दिवसांत गाडी दोन दिवस वायरिंगसाठी उभी राहिली, तर बुडालेल्या भाड्यात दोन्ही बाजूंची अस्तरं आली असती.

बदलण्याचं काम अवघड नाही, पण घाईचंही नाही. गाडी सपाट जागी लावून मागच्या चाकांना उटी द्यायची, जॅकवर उचलून चासीखाली स्टँड लावायचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकाच्या पोकळीत हात घालू नये. चाक काढलं की जुन्या क्लिपा आणि गंजलेले स्क्रू निघतात, बरेचसे मोडूनच निघतात, म्हणून नव्या क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात. त्या किरकोळ किमतीच्या असतात, आणि त्या वाचवण्याच्या नादातच बहुतेक अस्तरं सुटतात. मग आतली माती आधी कोरडी खरवडून काढायची आणि नंतर गोड्या पाण्याने धुवायची. फेंडरच्या दुमडीत बोट किंवा लाकडी काडी फिरवून बघायची. गंज असेल तिथे तारेचा ब्रश, मग गंज मारणारं द्रावण, मग प्रायमर, मग रंग. प्रत्येक थर पूर्ण सुकू द्यायचा. ओल्या किंवा खाऱ्या पत्र्यावर मारलेला प्रायमर सहा महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो आणि दोष प्रायमरला लागतो. दुमडीत शेवटी मेण किंवा घट्ट तेल सोडावं. पाणी जायची खालची भोकं रंगाने किंवा पुट्टीने बुजली नाहीत ना, ते पाहावं. नवं अस्तर बसवताना आधी सगळ्या क्लिपा सैल लावून कमान जागेवर येऊ द्यायची, मग आवळायच्या, आणि स्क्रूखाली रुंद वॉशर द्यायचा, म्हणजे भोक फाटत नाही. चाक लावल्यावर स्टेअरिंग डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून बघायचं, आणि हीच तपासणी गाडीत माल भरल्यावर पुन्हा करायची. रिकाम्या गाडीत न लागणारा टायर भरलेल्या गाडीत लागतो. ही शेवटची तपासणी गॅरेजमध्ये जवळजवळ कधीच होत नाही, आणि नवीन अस्तर दोन महिन्यांत फाटतं त्याचं कारण बहुधा हेच असतं.

हे काम मे महिन्यात करायचा आपल्याकडे रिवाज आहे, पावसाच्या तोंडावर, गॅरेजमध्ये रांग असताना. मला तो रिवाज चुकीचा वाटतो. पावसाळाभराची माती दिवाळीच्या दिवसांत फेंडरच्या दुमडीत बसलेली असते. ती मे महिन्यापर्यंत तिथेच राहिली तर दिवसा सुकल्यासारखी दिसेल आणि रात्री दवाने ओली होईल, आणि गंजाला आणखी सहा-सात महिने मिळतील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे कोकणातले त्यातल्या त्यात कोरडे महिने आहेत, प्रायमर आणि रंग धरायला याहून बरा काळ नाही. गॅरेजमध्येही मेसारखी गर्दी नसते. ज्यांची पिकअप आठ वर्षांच्या पुढची आहे, त्यांनी भाऊबीज झाली की एक दिवस काढावा, दोन्ही पुढची चाकं उतरवावीत आणि अस्तर फाटलं असेल तर बदलूनच गाडी रस्त्यावर काढावी.